'अबिरवालग' मराठीत कसं आणायचं?

कानामात्रा: रशियन लेखक बुल्गाकॉव्हच्या 'कुत्र्याचं काळीज' या लघुकादंबरीच्या (लेखन 1925, सोव्हिएत मासिकात छापून आली 1987) भाषांतरात गाडी अडलीय. एका प्राध्यापकाच्या शस्त्रक्रियेनं शारिक या भटक्या कुत्र्याचा माणूस होतो आणि तोंडातून निघतं 'अबिरवालग'. म्हणजे 'ग्लावरिबा' उलटं, मासळीच्या दुकानाची पाटी. शब्दाच्या सुरुवातीशी पोलीस उभा, म्हणून हा शेपटाकडून यायचा आणि अक्षरंही तिकडूनच शिकला. रशियनमध्ये आठ अक्षरं सुटी, सरळ उलटतात. आपल्याकडे जोडाक्षरं, काना, वेलांटी. काय करावं?

बोरूबहाद्दर: 'बारिवग्ला' केलंत तर कोडं सुटणारच नाही. पाटीच मराठी करा. 'ग्लाव' म्हणजे 'मुख्य'चं सरकारी तुकडं. महाबीज, महावितरण यांच्या चालीवर 'महामासळी'. उलटं 'ळीसमाहाम'. ळ नं मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे आधी भुंकल्यासारखंच वाटेल. मूळातही 'अबिर' तसंच वाटतं.

तळटीप: 'महा' म्हटलं की वाचक मॉस्कोतून थेट मंत्रालयात! त्यापेक्षा 'मत्स्यभांडार'.

बोरूबहाद्दर: उलटून दाखवा. 'रडाभांत्स्यम'. कुत्रा सोडा, प्राध्यापकालाही बोलता येणार नाही.

उभीरेघ: उजवीकडून आलं तर आधी दीर्घ वेलांटीचा दांडा लागतो, मग ळ. काटेकोर उलटवायचंच तर 'ळी' अख्खी कशी उचलता? आणि नावाला 'काळीज' का? वाघाचं काळीज शूराचं, मग कुत्र्याचं म्हणजे भित्र्याचं, असाच अर्थ घेतला जाणार.

तळटीप: 'श्वानहृदय' करा.

उभीरेघ: हृदयाची शस्त्रक्रियाच नाही. क्लिम चुगुन्किन या मेलेल्या माणसाची पिट्युटरी (मेंदूतली ग्रंथी) आणि वृषणं बसवलीत.

तळटीप: पीयूषिका म्हणा.

कानामात्रा: 1925 च्या डॉक्टरच्या टिपणवहीत पीयूषिका शोभेल. पण शीर्षकातला शब्द शेवटाकडे पुन्हा लागतो. प्राध्यापक म्हणतो, आता याचं कुत्र्याचं नाही, माणसाचं आहे, तेही सगळ्यांत घाणेरडं. तिथे 'हृदय' मिळमिळीत पडतं.

बोरूबहाद्दर: शारिकचं 'मोत्या' का नाही करत? शारिक म्हणजे छोटा चेंडू. कुत्राच कुरकुरतो की हे नाव गुबगुबीत, ओटची लापशी खाणाऱ्या खानदानी कुत्र्याचं, आपण तर झिपरे, हाडकुळे. गोलपणा मोत्यात आहेच.

उभीरेघ: मग शारिकॉव्हचं काय? माणूस झाल्यावर तो पॉलिग्राफ पॉलिग्राफोविच असं नाव आणि ऐटीत हे 'वंशपरंपरागत' आडनाव घेतो. मोतीकर?

तळटीप: '-कर' लावलं की गाव आलं. भटक्याला गाव कुठलं? 'मोत्ये' बरं.

बोरूबहाद्दर: पॉलिग्राफ पॉलिग्राफोविच मोत्ये! भटकी मांजरं पकडणाऱ्या खात्याचा साहेब म्हणून चालेल, पण मॉस्कोचा नाही वाटत.