उंबरठ्याच्या आत-बाहेर : तुमचे अनुभव लिहा

'उंबरठा' परवा पुन्हा पाहिला. १९८२ चा सिनेमा, जब्बार पटेलांचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. शांता निसळांच्या ज्या कादंबरीवर तो बेतलाय तिचं नाव 'बेघर'. स्मिता पाटीलची सुलभा वकील नवरा, लहान मुलगी, भरलं घर मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. मुलीला जाऊ सांभाळते. काम सोडून सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा घर सोडते.

कॉलेजात असताना पाहिला होता तेव्हा सगळा जीव सुलभात अडकला होता. या वेळी नजर सारखी त्या जावेकडे जात राहिली. कारण माझी मुलगी सहा वर्षं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सांभाळली, म्हणून मी फोर्टात नोकरी करू शकले. त्यांना स्वतःला काय करायचं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. दोन रात्री झोप नीट लागलेली नाही.

घरासाठी तुम्ही काय बाजूला ठेवलंत? किंवा तुम्ही बाहेर पडलात तेव्हा मागे कोण राहिलं? मनापासून लिहा, मोठं झालं तरी चालेल.

*लालबागहून*

वडील गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी जे. जे. कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिलेले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असं आमच्या चाळीत सगळेच म्हणायचे. पावसाळा लागेपर्यंत वाण्याने उधारी बंद केली. पाठच्या दोन बहिणी शाळेत. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं लिहायला लागलो. 'शिक्षण सोड' असं मला कुणी म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून वडील माझ्याशी नजरेला नजर देऊन बोलले नाहीत. मला शिक्षणापेक्षा तेच जास्त लागलं.

दरवर्षी गणपतीच्या आधी महिनाभर ऑफिस सुटलं की मी चिंचपोकळीच्या एका कारखान्यात जायचो, डोळ्यांच्या आखणीला. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, पापणीची कड एका ओढीत यायला हवी. मध्ये हात थांबला की मूर्तीची नजर फिरलीच. रात्रीचे दोन वाजायचे. त्या एका ओढीपुरता मी कुणाचा मुलगा नव्हतो, कुणाचा भाऊ नव्हतो. बहिणींची लग्नं झाली, वडील गेले, मीही निवृत्त झालो. आखणी चालू आहे. मोठ्या मूर्तींसाठी पोरं आता मला पराचीवर चढू देत नाहीत, घरगुती मूर्ती मात्र अजून माझ्याकडेच येतात.

*मुलुंडहून*

बाबांना अर्धांगवायू होऊन अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. त्याचं मला दुःख असणार असं लोक धरून चालतात, पण ते नाही. बाबांचं करण्याचाही कंटाळा नाही. मला फक्त कुणी हाक मारणार नाही असा थोडा वेळ लागतो. सकाळी मावशी कामावर आल्या की मी वीस मिनिटं आधीच निघते, उलट ठाण्याला जाते आणि तिथून सुटणारी स्लो पकडते. खिडकी मिळते. सीएसएमटीपर्यंत जवळजवळ तासभर मी काहीच करत नाही. पूर्वी लेडीजच्या डब्यात आमचा ग्रुप होता, एकमेकींच्या भाज्या निवडायचो, हळदीकुंकू करायचो. मी डबा बदलला. त्या दुखावल्या, ते मला कळतं.

भाऊ म्हणतो, जवळ नोकरी बघ, एवढा प्रवास कशाला? त्याला काय सांगू?

*पार्ल्याहून, वय ७४*

सुलभाचं वागणं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पोर लहान आहे तोवर थांबता येतं. मी थांबले. बँकेत बढती आली ती बदलीसकट, मी ती नाकारली. पश्चात्ताप नाही. मात्र थांबलेल्या बाईला काही हवंच नव्हतं, असं कृपा करून कुणी समजू नका.

*गिरगावहून*

मी मागे राहिलेल्यांपैकी. आई नर्स होती, कायम रात्रपाळी मागून घ्यायची. दुपारी ती झोपायची आणि खोली एकच, म्हणून आम्ही भावंडं जिन्यात बसून अभ्यास करायचो. शेजारच्या काकू आवाज करू नका म्हणून खुणेनं सांगायच्या. सकाळी साडेसातला आई चाळीचा जिना चढून यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे, पण चेहरा उजळलेला. सुट्टीच्या दिवशी तो चेहरा तिला नसायचा. लहानपणी मला याचा फार राग यायचा. आता मी स्वतः शिकवते, वर्गातून बाहेर पडताना माझाही चेहरा तसाच होत असेल. माझी मुलं मला काही बोलत नाहीत.

*पुन्हा मी*

एकेक अनुभव वाचून काल संध्याकाळी दादरला जाऊबाईंकडे गेले. त्या वाल सोलत बसल्या होत्या. मीही समोर बसून सोलायला घेतले. बऱ्याच वेळानं विचारलं, "वहिनी, तेव्हा तुम्हाला काय करायचं होतं?" वाटलं, हसून विषय बदलतील. त्या हातातला दाणा सोलता सोलताच म्हणाल्या, "बालवाडीच्या बाईंचा कोर्स. फॉर्म आणला होता मी. वर्ग बारा ते तीन होता. आणि आपली पिंकी साडेबाराला शाळेतून यायची."