काळ्या जमिनीचा जलधारण वक्र (कुठल्या ताणाला माती किती पाणी धरते): व्हॅन गेन्युख्तेनचं समीकरण नीट बसत नाही, काय करावं?

कापूसकाळी
विदर्भातली खोल काळी जमीन, १५–३० सेंमी थर, चिकणमाती ५५ टक्के. प्रेशर प्लेटवरचा (दाब देऊन मातीतलं पाणी काढणाऱ्या उपकरणावरचा) ओलावा (वजनावर, टक्के): १० किलोपास्कलला ३४.३, ३३ ला ३०.९, १०० ला २७.०, ५०० ला २२.६, १५०० ला १९.७. बल्क डेन्सिटी (पोकळीसकट मातीची घनता) कोरड्या ढेकळाला मेण लावून काढलेली, १.८ ग्रॅम प्रति घनसेंमी. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये सुरुवातीचे आकडे बदलले की उत्तरही बदलतं: अवशिष्ट ओलावा (थीटा-आर) कधी शून्य, कधी ०.३०. पुढे हे हायड्रस-१डी (मातीतल्या पाण्याची हालचाल मांडणारा प्रोग्रॅम) मध्ये घालायचं आहे. मॉडेल बदलू का? ब्रूक्स-कोरी हे दुसरं समीकरण घेऊ?

ढेकूळफोड्या
मॉडेल राहू द्या, आधी घनता बघा. १.८ घनतेच्या मातीत पोकळी १ − १.८/२.६५, म्हणजे ०.३२ (२.६५ ही मातीच्या कणांची घनता). तुमचा ३३ किलोपास्कलचा ओलावा गुणिले १.८ म्हणजे आकारमानावर ०.५६. पोकळीपेक्षा पाणीच जास्त! १५०० ला सुद्धा ०.३५ येतं. असल्या आकड्यांवर कुठलंही समीकरण बसवलं तरी व्यर्थ.

काळी माती सुकताना आकसते, म्हणून कोरडं ढेकूळ घट्ट भरतं. घनता वाफशावरच्या मातीची घ्या: वाफसा असताना कोअर कटरने नमुना काढा, किंवा ढेकूळ ३३ किलोपास्कलला समतोलावर आणून मग त्यावर लेप द्या. अशा जमिनीत आकडा बहुधा १.२ ते १.४ मध्ये येतो. १.२८ धरून बघा: ३३ ला ०.३९६, १५०० ला ०.२५२. उपलब्ध पाणी (या दोन्हींतला फरक) मीटरला १४३ मिमी. १.८ ने हेच २०२ मिमी दिसलं असतं, आणि पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक तिथेच कोसळलं असतं.

सक्शन_सेंमी
वरच्याशी सहमत. आता सॉल्व्हर. समीकरण (१९८०चं):

थीटा = थीटा-आर + (थीटा-एस − थीटा-आर) ÷ [१ + (अल्फा × एच)^एन]^एम, एम = १ − १/एन (थीटा म्हणजे आकारमानावरचा ओलावा, थीटा-एस संपृक्त मातीचा; एच म्हणजे ताण; अल्फा आणि एन वक्राचा आकार ठरवतात)

पाच बिंदूंवर चार अज्ञात सोडवणं म्हणजे सॉल्व्हरला मोकाट सोडणं. तुमच्या कोरड्या टोकाला वक्र अजून उतरतोच आहे, सपाट झालेला नाही. त्यामुळे थीटा-आर ठरवायला माहितीच नाही. तो आणि एन एकमेकांची भरपाई करत राहतात. थीटा-आर शून्यावर बांधा. थीटा-एस पोकळीच्या ९५ टक्क्यांच्या आसपास धरा (हवा अडकून राहते), १.२८ घनतेला ०.५०. उरले अल्फा आणि एन. अल्फाऐवजी त्याचा लॉगरिदम बदलता ठेवा, एन १.०१ पेक्षा मोठा ही अट घाला, सुरुवात अल्फा ०.०२ प्रति सेंमी, एन १.१.

एच सेंमीत हवा: १ किलोपास्कल = १०.२ सेंमी. अल्फा प्रति सेंमी ०.०२ असेल तर प्रति किलोपास्कल तो ०.२ होतो. निम्म्या तक्रारी इथेच उगम पावतात.

तुमच्या नोंदींना अल्फा ०.०२, एन १.१२ छान जुळतात: ३३ ला ०.३९३, १०० ला ०.३४७, १५०० ला ०.२५२.

ब्रूक्स-कोरीत हवा शिरण्याच्या दाबाशी वक्राला टोकदार कोपरा येतो. वाळूला ते शोभतं, इथे नको.

पूर्णाकाठ
आकड्यांआधी प्लेटबद्दल दोन शब्द. १० आणि ३३ किलोपास्कलला २ मिमी चाळणीची माती वापरली असेल तर ते दोन बिंदू विश्वासाचे नाहीत. तिथे पाणी मातीच्या रचनेत धरलेलं असतं, आणि चाळणीत रचना मोडते. अखंड कोअर घ्या. ५०० च्या पुढे चाळलेली चालते, थर १ सेंमीच्या आत ठेवा.

१५०० ला चिकण मातीचा समतोल फार हळू येतो. माती आकसून प्लेटपासून सुटली की पाणी वाहणं थांबतं आणि माणूस समजतो, झालं! म्हणून तिथला ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दिसण्याकडे कल असतो. दवबिंदू पोटेन्शिओमीटर (दवबिंदूवरून ताण मोजणारं उपकरण) मिळत असेल तर १५०० आणि त्याहून कोरडे बिंदू त्यावर पडताळा.

जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवू नका. कण विखुरतात आणि प्लेटची छिद्रं बुजतात. ०.००५ मोलार कॅल्शियम क्लोराइड वापरा.

कापूसकाळी
आभार. घनता ओलाव्यागणिक बदलते, मग प्रत्येक बिंदूला वेगळी लावायची का?

ढेकूळफोड्या
हेतूवर आहे. मिमीचा ताळेबंद मांडायचा असेल तर सगळ्या बिंदूंना वाफशाची एकच घनता लावा. थरातली कोरडी माती तेवढीच राहते, फक्त खचते आणि भेगाळते. मूळ जाडीच्या हिशेबाने पाणी बरोबर निघतं. भेगांमधल्या ढेकळाच्या आतलं पाणी हवं असेल तर वेगळी घनता लावा, पण त्यासाठी आकसण्याचा वक्रही मोजावा लागेल. हायड्रस-१डी साधारणपणे माती ताठ धरतं, तेव्हा पहिली रीत.

सक्शन_सेंमी
हायड्रसमध्ये आणखी एक खोच. एन १ च्या इतका जवळ असला की म्युअलेमच्या सूत्राने (ते या वक्रावरूनच वाहकता काढतं) वाहकता, म्हणजे माती पाणी किती वेगाने वाहू देते ती, संपृक्ततेजवळच्या पहिल्या सेंमीभर ताणातच धाडकन पडते. मग वेळेचा टप्पा आकसत जातो, नाहीतर पाऊस जिरण्याऐवजी वाहून गेलेला दिसतो. हवा शिरण्याचा दाब −२ सेंमी धरण्याचा पर्याय आहे, तो निवडा.

संपृक्त वाहकता मात्र प्रोग्रॅममधल्या तयार यादीतून उचलू नका. तिथे चिकणमातीला ४.८ सेंमी प्रतिदिन आहे, आणि मेमध्ये भेगाळलेलं रान पहिल्या पावसाला याच्याशी काही संबंध ठेवत नाही. भेगा मिटल्यावर, पावसाळ्याच्या मध्यावर, दुहेरी कड्याच्या इन्फिल्ट्रोमीटरने मोजा. आणि जूनचा काळ या वक्रावरून चालवू नका, त्याला दुहेरी सच्छिद्रतेचं (भेगा आणि ढेकळं वेगळी धरणारं) मॉडेल लागेल.