नाचणी राखायची ठासणीची बंदूक आणि गुंडाचा कट्टा, दोघांना एकच कलम?

मांगरकर_कुडाळ

आमच्या भागात अधूनमधून पेपरात तीच बातमी येते. जंगलाकडेच्या वाडीत छापा, विनापरवाना ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक जप्त, शेतकरी ताब्यात, आणि कधी कधी त्याला ती नीट करून देणारा लोहारही.

2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाचं कलम 25 असं आहे: परवान्याशिवाय बंदूक बनवली, विकली, अगदी दुरुस्त केली तरी किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसती जवळ बाळगली तर 2 ते 5 वर्षं. म्हणजे सुपारीबाजांना कट्टे पुरवणारा आणि डुकरांपासून नाचणी राखायला नळी बसवणारा म्हातारा एकाच ओळीत उभे.

माझं म्हणणं एवढंच की ठासणीच्या एकनळी बंदुकीपुरती वेगळी सोय करा. तालुक्यात एकदोन जुन्या कारागिरांना परवाना द्या, प्रत्येक नगावर नंबर कोरा, शेतकऱ्याला सातबारा बघून द्या. आज जे रात्री होतं ते दिवसाढवळ्या होईल. बोला.

कायद्याचा_कीडा

अर्धी सोय 1959 पासून आहे, ती आधी वाचा. कलम 13(3) मध्ये स्पष्ट लिहिलंय की पीकसंरक्षणासाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा, आणि ठासणीची पुरत नाही असं वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. तिथे भाषा ‘देता येईल’ अशी नाही, ‘द्यावा’ अशी आहे. कलम 14 सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. म्हणजे तुमची सातबाऱ्याची अट कायद्यापेक्षा कडक निघाली!

बाळगणं कलम 3 मध्ये, बनवणं कलम 5 मध्ये. दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवलेत. बाळगणारा एक बंदूक बाळगतो, बनवणारा कितीही बनवू शकतो. शिक्षेतला फरक त्यातून आलाय.

मांगरकर_कुडाळ

कागदावर ‘द्यावा’ आहे हे मान्य. अर्ज करून बघा एकदा. पोलिसांचा अहवाल, वनखात्याचं मत, मग प्रशिक्षणाचा दाखला, मग कोणीतरी बदलून जातो आणि फाईल पहिल्यापासून सुरू. तोवर दोन हंगाम जातात. माणूस लोहाराकडे उगाच जातो का?

गिरगावकर_चाकरमानी

मला मुळातच हे पटत नाही. शेतीसाठी म्हणून घेतात आणि शनिवारी रात्री पारधीला जातात, हे गावात कोणाला माहीत नाही? अंधारात झुडूप हललं म्हणून बार काढला आणि सोबत्यालाच लागला, अशा बातम्याही त्याच पेपरात येतात. बंदुका वाढवून डुकरं कमी होत नाहीत. कुंपण घाला, नुकसानभरपाई मागा.

तळकोकणी_झिलगो

मुंबयत बसान कुंपण घालूक सांगणा सोप्या आसा. सड्यार चिऱ्याचो गडगो घातलो तरी डुकर खालसून शिरता आणि माकड वयसून. भरपाईचो अर्ज करुक पंचनामो व्हयो, पंचनाम्याक माणूस येयसर शेतात काय रवता? रातभर मांगरात बस एकदा, मगे बोल.

आणि बंदूक आसली तरी काय उपयोग? आमची शेतीची बंदूक परवान्याची, नंबरची, सगळा बरोबर. 2024 क मार्चात आचारसंहिता लागली, बंदूक पोलीस ठाण्यात. मतदान 7 मे क. ऐन काजूच्या वक्ताक बंदूक थंय आणि डुकर हय! नोव्हेंबरात परत विधानसभा, परत जमा.

कायद्याचा_कीडा

झिलग्याचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात खरा आहे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करा असा नियम नाहीये. छाननी समितीने एकेक परवानाधारक बघायचा असतो: गुन्हे आहेत का, जामिनावर आहे का, पूर्वी दंगलीत होता का. साठ वर्षांच्या काजू बागायतदाराचं नाव त्या यादीत यायचं कारण नाही. सूट मागणारा अर्ज वेळेत करा, लेखी करा, पोच घ्या. बहुतेक जण निरोप आला की बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात जातात.

टेक्सासवासी_मालवणकर

इथली पद्धत सांगतो, कारण ‘घरी बनवायला परवानगी’ म्हटलं की सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात. स्वतःपुरती साधी रायफल घरी जोडायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत त्यावरही नंबर घ्यावा लागतो. पण आखूड नळीची रायफल किंवा सायलेन्सर बनवायचा असेल तर 1934 चा कायदा आहे. आधी ‘फॉर्म 1’ भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मंजुरी आल्यावरच हात लावायचा. त्याचा 200 डॉलर कर 1934 पासून तसाच होता, तो 1 जानेवारी 2026 पासून या प्रकारांसाठी शून्य झाला. फॉर्म मात्र राहिला. मशीनगन सामान्य माणसाला 1986 नंतर नव्याने बनवताच येत नाही.

आणि सुटे भाग मागवून घरी जोडलेल्या बिननंबरी बंदुका इथेही डोकेदुखी झाल्या. 2022 मध्ये त्यांच्या संचांवर नियम आले, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मोकळीक देणाऱ्या देशालाही शेवटी नंबर कोरण्यावर यावं लागलं.

मांगरकर_कुडाळ

हेच तर मी म्हणतोय! नंबर कोरा आणि बनवू द्या. कर्नाटकातल्या कोडगूचं (कूर्ग) उदाहरण घ्या, लांब कशाला. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली, कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये उचलून धरली. घाटाच्या त्या टोकाला चालतं, इकडे का नाही?

आंबोली_घाटमाथा

कोडगूची सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे. घरी बनवण्याची सूट तिथेही नाही. उदाहरण तुमच्या बाजूने अर्धंच येतं.

आणि मी जंगलाच्या बाजूने बोलणार, कोणी चिडलं तरी. तुमच्या हातात कायदेशीर बंदूक आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा आली असं नाही. शस्त्र परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, जनावर मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली वनखात्याची. उभ्या पिकाचं नुकसान हे त्यात कारण धरलंय, पण परवानगी लेखी लागते. गवा पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, त्याच्याबाबत तालुक्याचा अधिकारी काही करू शकत नाही, मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जावं लागतं. गावठी बंदुकीला ही साखळी कुठेच लागू होत नाही, कारण ती बंदूक कागदावर नाहीच. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे मरतात ते आपण बघतोय. त्यात बिननंबरी बंदुकांची भर कशाला?

मांगरकर_कुडाळ

कोडगूबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, पण मुद्दा सुटलेला नाही. दोन खाती, दोन परवानग्या, आणि डुक्कर एका रात्रीत शेत उकरून मोकळं. मग केरळने 2022 मध्ये केलं तसं करा. तिथे रानडुकराबाबतचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी केली.

आंबोली_घाटमाथा

केरळचं मॉडेल मला चालेल. त्यात बंदूक बनवायला लागत नाही, गावागावात वाटायलाही लागत नाही. तुमच्या मूळ मागणीला ते उलट उत्तर आहे.

लोहारशाळेतला_नातू

आजोबा कारागीर होते म्हणून बोलतो. ‘तालुक्याला दोन कारागीर’ हे ऐकायला गोड आहे. नळी कुठल्या लोखंडाची, ती दाब सोसते का, हे कोण तपासणार? कारखान्यातली नळी जादा भार देऊन तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही, कायद्याने त्या तपासणीलाही परवाना लागतो. गावातली बंदूक पहिल्यांदा तपासली जाते ती शेतकऱ्याच्या गालाशी. बोटं गेलेली, डोळा गेलेला माणूस आमच्या वाडीत होता, आणि तो दवाखान्यात खरं कारण सांगू शकला नाही. आजोबांनी नंतर फक्त कोयते आणि विळेच केले. सरकारने परवाना दिला तर उद्या नळी फुटल्यावर लोहारालाच धरतील, आणि धरायलाच हवं. नको ते.

पण दुरुस्तीला 7 वर्षं हे मलाही जड वाटतं. परवान्याच्या बंदुकीचा घोडा अडकला तर माणसाने जिल्ह्याच्या गावी जायचं?

देवगडची_माहेरवाशीण

माझा वेगळाच प्रश्न आहे. बाबांची शेतीची बंदूक होती, परवाना त्यांच्या नावाने. ते गेले. भाऊ ठाण्याला, मी पुण्याला. आई म्हणते माळ्यावर आहे ती तशीच, आंब्याच्या कलमांची राखण करणारा गडी विचारत होता. आता आम्हीही गुन्हेगार का?

कायद्याचा_कीडा

ताई, गड्याला अजिबात देऊ नका. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. कलम 21 प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. 2016 च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे, त्यामुळे भावाला हवी असेल तर तो अर्ज करू शकतो, इतर वारसांची संमती जोडून. हाच नियम हयातीतही चालतो: वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली की वारसाच्या नावावर देता येते. कोकणात हे कोणी करत नाही, आणि मग मुलगे मुंबईहून गणपतीला आले की माळ्यावर बंदूक सापडते. माझ्या अंदाजाने ‘विनापरवाना’ म्हणून नोंद होणाऱ्या शेतीच्या बंदुकांतला बराच भाग असा वारशाचा असणार. मांगरकरांनी मोहीम काढायचीच तर या कामासाठी तालुक्याला शिबिर लावा, मी येतो.

मांगरकर_कुडाळ

शिबिराला हॉल मी बघतो. मागणी मागे घेतलेली नाही, एवढं लक्षात असू दे. कारागीर नको तर नको, पण स्वतःच्या शेतापुरती एक ठासणीची बंदूक करणाऱ्याला धंदेवाल्याची शिक्षा, हे मी आमदारांच्या कानावर घालणार.

तळकोकणी_झिलगो

ताई, जमा करताना पावती घेवा. नंबर आणि नळीवरचा मारको पावतीर लिवन घेवा. मुदतीत सोडवन नाय घेतल्यास सरकारजमा जाता. आणि शिबिर मिरगाआधी लावा रे, मगे कोणाक वेळ नाय.