'स्टोकॅस्टिक प्रोसेस'ला मराठीत काय म्हणावं?

दादरकर: आमच्या कॉलेजातले गणिताचे सर निवृत्त होताहेत. सत्काराचं परिचयपत्र माझ्या गळ्यात पडलंय. त्यांचं काम प्रोबॅबिलिटी आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेसमधलं. 'शक्यता व यादृच्छिक प्रक्रिया' लिहिलं, तर ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "म्हणजे मनाला येईल तशा का?"

गिरगावकर: 'शक्यता' आधी काढा. शाळेच्या पुस्तकातलं 'संभाव्यता'च बरोबर. शक्यता म्हणजे घडू शकणं, संभाव्यता म्हणजे त्याचं ० ते १ मधलं माप. फरक नुसता पुस्तकी नाही हं. ० ते १ या रेषाखंडावरचा एक बिंदू कुठेही झुकतं माप न देता उचला. अमुकच बिंदू येण्याची संभाव्यता शून्य, तरी कुठला तरी एक येतोच!

ठाणेकर: ताईंना 'यादृच्छिक'मध्ये 'इच्छा' ऐकू आली. मूळ शब्द यदृच्छा. गीतेतलं 'यदृच्छालाभसंतुष्टो' आठवा, आपसूक मिळेल त्यात समाधानी. स्वैरपणा हाही अर्थ संस्कृतात आहे, पण गणिताला तो नको असतो. यादृच्छिक म्हणजे आधी नेमकं सांगता न येणारं, बेशिस्त नव्हे. बस बरोब्बर दर १० मिनिटांनी येत असेल, तर वेळ न बघता स्टॉपवर गेलेला माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. तीच बस पॉयसाँ प्रक्रियेने, म्हणजे आधीची बस कधी गेली याचा पुढचीवर काहीच परिणाम नसताना, सरासरी १० मिनिटांच्या अंतराने येत असेल, तर थांबणं सरासरी १० मिनिटं! कारण आपण बहुधा मोठ्या फटीतच सापडतो. पुढची बस कधी ते कुणी सांगू शकत नाही, हिशोब मात्र चोख.

दादरकर: 'प्रक्रिया' जरा रसायनशास्त्रातलं वाटतं.

गिरगावकर: वाटू द्या. हिंदीवाले 'प्रसंभाव्य' म्हणतात, त्यापेक्षा बरं. 'काळानुसार बदलत जाणाऱ्या यादृच्छिक राशी' एवढा खुलासा जोडा.

पवईकर: मार्कोव्ह साखळ्यांवर (पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर अवलंबून असते अशा प्रक्रियांवर) काम असेल तर एक किस्सा टाका. १९१३ साली रशियन गणितज्ञ मार्कोव्हने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली २०,००० अक्षरं घेऊन स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, ते मोजलं होतं. मराठी विभागही खूश होईल.

दादरकर: छान आहे, पण सरांचं काम लार्ज डेव्हिएशन्समधलं. गणितज्ञ श्रीनिवास वरधन यांना २००७चं आबेल पारितोषिक (गणितातला मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान) मिळालं, त्यातला मोठा भाग हाच.

ठाणेकर: मग 'मोठी विचलने' लिहून मोकळे होऊ नका, कुणाला काही कळायचं नाही. 'सरासरीपासून फार दूर जाणाऱ्या विरळ घटनांची संभाव्यता किती वेगाने घटते, याचा अभ्यास' असं सरळ लिहा. आणि छापायला देण्याआधी सरांना एकदा दाखवाच.