जुन्या रेंजफाइंडर लेन्स, त्यांचा 'आत्मा' आणि मामाचा फेटा

सातपूरचा फोटूवाला

काल 'गोदाकाठी' यांनी इथे जुन्या लेन्सवर लेख टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: १९५० च्या दशकातली ज्युपिटर-८, म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्याची (ज्यात लेन्समधून नाही, शेजारच्या खिडकीतून बघून फोकस जुळवतात) जुनी रशियन लेन्स हाती लागली, अडॅप्टर (मधे जोडायचं कडं) लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर, चढवली आणि साक्षात्कार झाला. नव्या लेन्सला 'आत्मा' नसतो, ऑटोफोकस आळशांसाठी, आणि ज्याला हाताने फोकस जमत नाही तो फोटोग्राफरच नव्हे. खाली सगळ्यांची 'वा वा'. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अठरा वर्षं लग्नं करतोय (फोटोंची हो, स्वतःचं एकच). हौस मलाही आहे. गेल्या मार्गशीर्षात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर जुनी कॅनन ५० एमएम एफ १.४, स्क्रूवाली, मोठ्या डौलात लावली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, नवरी हसली, आणि माझा फोकस मागे उभ्या मामाच्या फेट्यावर. फेट्याची जरतार काय सुरेख आली म्हणता! सोबतच्या पोराकडे ऑटोफोकसवाली लेन्स होती म्हणून पैसे मिळाले. सांगा, त्या फोटोत आत्मा कोणाचा होता? मामाचा?

दुसरं, वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्स. लेखात 'कुठलीही जुनी रेंजफाइंडर लेन्स लावा' असं बिनधास्त ठोकून दिलंय. मी १५ एमएम हेलिअर, पहिल्या पिढीतली, सोनीच्या मिररलेसवर लावून नाशिकच्या सरकारवाड्याचा दर्शनी भाग काढला. कडा जांभळ्या, कोपरे ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे. या लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे कोपऱ्यात प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही नाही. सेन्सरवर मात्र काच असते, सोनीवर साधारण २ मिलिमीटर, तिच्यातून तो तिरका किरण सरळ जात नाही. लायकाच्या डिजिटल रेंजफाइंडरवर ती काच मुद्दाम पातळ ठेवलीय ती उगाच नाही. खुद्द बनवणाऱ्यांनीच तिसऱ्या पिढीत ती १५ एमएम डिजिटलसाठी नव्याने आखली. त्यांना कळलं, आपल्या लेखकूंना नाही.

गोदाकाठी

'लेखकू' बद्दल आभार. 'आत्मा' हा शब्द मी अवतरणात घातला होता, तेवढं वाचायला ऑटोफोकस लागत नाही.

आता मुद्द्याचं. लेन्स बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर बघा: लायकाच्या एम माउंटचं २७.८ मिमी, जुन्या स्क्रूवाल्यांचं २८.८. सोनीचं १८, निकॉन झेडचं १६. मधे अडॅप्टरला ऐसपैस जागा. आपण सगळे ज्या निकॉन डीएसएलआरवर शिकलो त्याचं ४६.५, तिथे या लेन्स अनंतावर (फार लांबच्या गोष्टींवर) फोकसच झाल्या नसत्या. म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या काचा आत्ता कुठे आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या. आणि खरी गंमत ही की त्या स्वतःच्या जमान्यापेक्षा आत्ता नीट चालतात. रशियन ज्युपिटर लायकाच्या बॉडीवर लावली की रेंजफाइंडरशी मोजमाप पूर्ण जुळायचं नाही, जवळचा फोकस हटकून चुकायचा. मिररलेसवर जे सेन्सरला दिसतं तेच डोळ्याला दिसतं. मोठं करून बघा, रिंग फिरवा, संपलं.

मामाच्या फेट्यात काचेचा काय दोष? एफ १.४ वर, म्हणजे जिथे फोकसची खोली केसभर, हलणारी नवरी धरायला कोणी सांगितलं होतं?

ओझरचा बंड्या

नमस्कार, नवीन आहे. ज्युपिटर-८ आणि अडॅप्टर दोन्ही आलं. लेन्स लावली पण शटरच दाबलं जात नाही. कोणी सांगेल का?

तात्या भद्रकाली

दोघंही अर्धवट बोलताय. अडॅप्टरचं कोणी बोलेना! स्वस्तातले अडॅप्टर जाणूनबुजून केसभर पातळ करतात, म्हणजे अनंत नक्की मिळावा. मग लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. मी बुधवारच्या बाजारात एफ ८ लावून, रिंग ३ मीटरवर ठेवून, न बघता फोटो काढत फिरायचो. महिनाभर सगळे भाजीवाले धूसर आणि मागची भिंत रेखीव. शेवटी अडॅप्टर खोलून आत पट्टी घातली तेव्हा ३ म्हणजे ३ झालं.

आणि गोदेच्या घाटावर आता उभं तरी कुठे राहायचं? प्रीवेडिंगवाले! नारोशंकराच्या देवळापुढे धुराच्या नळकांड्या, पांढरा गाऊन, ड्रोन. तुमचीच जमात, फोटूवाले.

सातपूरचा फोटूवाला

तात्या, मी ड्रोन उडवत नाही. गाऊन तर नाहीच नाही.

घोटीची माई

मला राहवेना. आत्मा, अडॅप्टर सगळं झालं, पण बुरशी? इंडस्टार-६१, तीही जुनी रशियन लेन्स, हौसेने घेतली. विकणाऱ्याने 'काच क्लीन आहे' म्हणून शपथा घेतल्या. आमच्याकडचा पाऊस माहितीये ना तुम्हाला, भिंतीसुद्धा घाम गाळतात. श्रावणात टॉर्च मारून पाहिलं तर आत कोळ्याचं जाळं. आता बाकीच्या लेन्सना लागेल का, वेगळी ठेवू का?

तात्या भद्रकाली

ताई, आजच्या आज घराबाहेर काढा! एकीची दुसरीला लागतेच लागते. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, भद्रकालीत स्टुडिओ होता, एका फेडच्या (जुना सोव्हिएत कॅमेरा) लेन्सपायी अख्खं कपाट गेलं. तोवर तांदळाच्या डब्यात ठेवा, ओल शोषली जाते.

गोदाकाठी

तात्या, तांदूळ?? पिठूर धूळ रिंगेत जाईल ती वेगळीच. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, लेन्स काय सर्दीसारखी शिंकत नाही. अख्खं कपाट गेलं कारण अख्खं कपाटच दमट होतं. दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. ४० ते ५० च्या आसपास ठेवा, बंद डबा, सिलिका जेल, आणि दीडशे-दोनशेचं आर्द्रता मोजायचं घड्याळ. आणि ते चामड्याचं केस आधी दूर करा, तेच ओल धरून ठेवतं.

तात्या भद्रकाली

म्हणजे आमच्या वडिलांना चाळीस वर्षं कळलंच नाही. दुधावरची साय नुकती खाल्लेली पोरं आम्हाला कपाट शिकवणार.

गोदाकाठी

वडिलांवर मी गेलो नाही, तुम्ही नेताय. मी तांदळाबद्दल बोललो.

कॉलेज रोड

आमच्या आईने ऐकलं की ऊन दाखवलं की बुरशी मरते. मी नसताना माझा फेड, लेन्ससकट, गच्चीवर पापडांशेजारी मांडला. टोपण काढून, नीट वर तोंड करून. या जुन्या कॅमेऱ्यांत शटरचा पडदा कापडी. संध्याकाळी पापड खमंग आणि पडद्याला टाचणीएवढं जळकं भोक. पुढच्या रोलमध्ये प्रत्येक फोटोत एक जादा सूर्य. बुरशी होती तशीच आहे.

घोटीची माई

हसून पुरेवाट. पण माझं उत्तर कोणी देईल का?

सातपूरचा फोटूवाला

ताई, मी देतो. कपाटच दमट असेल तर लेन्स वेगळी ठेवूनही उपयोग नाही, कपाट कोरडं करा. लागण होते की नाही यावर तात्या आणि गोदाकाठी भांडू देत, तुम्ही दोन डबे करा, पन्नास रुपयांत दोघांचंही समाधान. जाळं नुकतं असेल तर जाणकाराकडून लेन्स खोलून साफ होते. जुनं असेल तर काचेवरचा थर खाल्लेला असतो, त्याला इलाज नाही. आणि फोटोत दिसतं का ते बघा आधी. किरकोळ जाळं सावलीत कळतही नाही, समोर दिवा आला की मात्र सगळं दुधाळ.

गोदाकाठी

हे बरोबर आहे. (लिहिताना हात जड झाला.)

सातपूरचा फोटूवाला

मग वाइडचंही मान्य करून टाका लगे हाथ.

गोदाकाठी

वाइडचं मान्य. 'कुठलीही' हा शब्द काढतो लेखातून. ज्युपिटर-१२ या वाइडचं तर मागचं भिंग इतकं आत शिरतं की काही अडॅप्टरांत, काही बॉडीत ते टेकतं, हेही लिहायला हवं होतं. पण ५० मिमीच्या आणि पुढच्या लेन्सना तुमची ती २ मिमीची काच फारशी आडवी येत नाही, हे तुम्ही सोयीस्कर गिळलंत.

सातपूरचा फोटूवाला

गिळलं नाही, चावत होतो. ५० चं खरं आहे. माझ्या कॅननचे, फेटा वगळता, फोटो चांगले आहेत. नवरीच्या आजीचा एक आहे, मांडवातल्या माळांसमोर, कडेने प्रकाश सांडलाय, सुरकुत्या मऊ. नवी लेन्स तो प्रकाश असा सांडू देत नाही. पार्टीने अल्बममध्ये तोच पहिल्या पानावर घेतला. पण म्हणून ऑटोफोकसवाले आळशी ठरत नाहीत. त्या आजी बसलेल्या होत्या, हलत नव्हत्या.

तात्या भद्रकाली

आळशीच आहात. आणि तांदळाचं मी मागे घेत नाही.

गोदाकाठी

'आळशी' शब्द राहू द्यावा म्हणतो लेखात, तात्यांच्या मागणीवरून.

ओझरचा बंड्या

दादा, माझं शटर अजून दाबलं जात नाही.

सातपूरचा फोटूवाला

अरे बाळा! कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूत 'लेन्स नसताना शटर सोडा' अशा अर्थाचं सेटिंग असेल ते चालू कर. बॉडीत हाताची थरथर सावरायची सोय असेल तर तिथे ५० मिमी हाताने भर, ज्युपिटर स्वतः काही सांगत नाही. आणि ती १ मीटरच्या आत फोकस होत नाही, चहाच्या कपाचे फोटो विसर. फोकस करताना ॲपर्चरची रिंगही सोबत फिरते, तिला खटके नाहीत, हलली तर घाबरू नको.

ओझरचा बंड्या

झालं!! फोटो आला. पण सगळं धुरकट दिसतंय, पांढरं पांढरं.

गोदाकाठी

खिडकीसमोरून काढलास का? मागून टॉर्च मारून आतून बघ.

ओझरचा बंड्या

कोपऱ्यात कापसासारखं काहीतरी आहे.

तात्या भद्रकाली

तांदूळ.