बीसीच्या (बिट्युमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा डांबरी थर) मार्शल मोल्डमध्ये (ठोकून बनवलेले चाचणीचे नमुने) एअर व्हॉइड्स (हवेच्या पोकळ्या) ६ टक्क्यांच्या वर, बाकी सगळं मर्यादेत. काय तपासू?

नमस्कार मंडळी,

सोलापूरकडे एका रस्त्याच्या कामावर क्वालिटी लॅबला आहे. बीसी ग्रेड २, व्हीजी-३० प्रतीचं डांबर. जेएमएफमध्ये (मिश्रणाचं ठरवलेलं प्रमाण) डांबर ५.४ टक्के, जीएमएम (पोकळ्या नसताना मालाची घनता) २.६००, मोल्डची घनता २.४९३, म्हणजे व्हॉइड्स ४.१. आता प्लांटच्या मालाचे मोल्ड २.४३४ च्या आसपास येताहेत, म्हणजे ६.४. मर्यादा ३ ते ५.

स्टॅबिलिटी (मोल्ड किती भार सोसतो) १३ केएनच्या वर (९ पुरते), फ्लो (तोवर किती दबतो) २.८ मिमी. एक्स्ट्रॅक्शनला (डांबर विरघळवून वेगळं करून मोजलं की) डांबर ५.४ बरोबर. ग्रेडेशनही (लहानमोठ्या खडीचं प्रमाण) बसतंय, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ४.३ टक्के जातं, मर्यादा ४ ते १०.

दोन्ही बाजूंनी ७५ ठोके, साचा आणि हॅमरचं तळ तापवूनच. माल डंपरमधून घेऊन लगेच भरतो, १४५ अंशांच्या खाली जाऊ देत नाही. बसाल्टची खडी जड, १२०० ग्रॅमला मोल्डची उंची ६१ मिमीवरच थांबते, म्हणून १२५० घेतो.

प्लांटवाले म्हणतात, "साहेब, डांबर पाव टक्का वाढवा, विषय संपला." मला ते पटत नाही, जास्तीच्या डांबराने मे महिन्यात चाकोऱ्या पडल्या की उत्तर कोण देणार? कन्सल्टंट सोमवारी येणार आहेत. आधी कुठे हात घालू?

उत्तर:
डांबर वाढवू नकाच. ७५ मायक्रॉनची मर्यादा सोडा, जेएमएफचा आकडा बघा. तिथे ६-७ असेल आणि तुमच्याकडे ४.३, तर फिलर (पोकळ्या भरणारी बारीक दगडी भुकटी) कुठेतरी गळतंय. एकतर प्लांटचा डस्ट कलेक्टर ओढून घेतोय आणि परत मिक्समध्ये सोडत नाही, नाहीतर तुमच्या सेंट्रिफ्यूजच्या (एक्स्ट्रॅक्शनचं फिरतं यंत्र) फिल्टर पेपरमधून निसटतंय. दुसरं असेल तर ती धूळ हिशेबात डांबर म्हणून धरली जाते, मग तुमचं ५.४ खरं ५ सुद्धा असू शकतं. एक्स्ट्रॅक्शनच्या द्रावणातली धूळ वेगळी करून वजन घ्या, आणि हॉट बिनमधल्या (प्लांटवर तापलेल्या खडीचे कप्पे) मालाची ओली चाळणी (पाण्याने धुऊन) करा.

शिवाय जीएमएम जुनाच धरताय का? आजच्या मालावर व्हॅक्यूम लावून नवा काढा. खाणीचा थर बदलला की बसाल्ट सच्छिद्र निघतो, डांबर पितो, मग जुना जीएमएम चालत नाही.

धागाकर्ता:
जेएमएफला ६.८ आहे! जीएमएम जुनाच. द्रावण अजून टाकलेलं नाही, आज ठेवून बघतो. धूळ वेगळी करायला जाळून राख मोजू की नुसतं निवळू देऊ?