लॅडलच्या विटा स्लॅग लाइनलाच खाल्ल्या जातायत, तीन सँपलमधून निवड कशी करू?

मंडळी, मदत हवी आहे. मी स्टील प्लांटला मेंटेनन्स बघतो, विटांचं शिक्षण काही नाही, जे कळतं ते जुनं लायनिंग फोडून फोडून. आमच्या लॅडलला (वितळलेलं स्टील धरायचं मोठं भांडं) आतून 70 टक्के अ‍ॅल्युमिनाच्या विटांचं लायनिंग, म्हणजे अस्तर आहे, इतकी वर्षं तक्रार नव्हती, पण आता त्याच लॅडलमध्ये आर्क लावून स्टील 1620-1630 अंशांपर्यंत तापवतो आणि वरून चुना पण टाकतो, तेव्हापासून लायनिंगचं आयुष्य निम्म्यावर आलंय. तळ ठणठणीत, खालच्या भिंती बऱ्या, फक्त स्लॅग (स्टीलवर तरंगणारी वितळलेली मळी) टेकतो तिथे वीतभर पट्टा खरवडल्यासारखा आत गेलाय, जॉइंट तर आधीच मोकळे. वीट फोडून बघितली तर पुढचा बोटभर थर काळा, काचेसारखा, घण लागला की नेमका तेवढाच टवका सुटतो.

पर्चेसने तीन सँपल आणलेत, 80 टक्के, 85 टक्के आणि एक मॅग-कार्बन (मॅग्नेशिया आणि कार्बनची). 85 वालीची कोल्ड क्रशिंग स्ट्रेंग्थ (वीट किती दाबाला चुरडते) सगळ्यात जास्त म्हणून साहेबांचा कल तिकडे. मला पटत नाहीये पण बोलायला मुद्दा नाही. सर्टिफिकेटवर नेमकं काय बघू?

प्रतिसाद 1
अहो, ती स्ट्रेंग्थ नावाप्रमाणेच थंड विटेची, वाहतुकीत कोपरे तुटणार नाहीत एवढंच सांगते. तापलेली वीट भाराखाली कधी बसायला लागते ते आरयूएल (रिफ्रॅक्टरीनेस अंडर लोड) चाचणीत दिसतं. पण तुमचं दुखणं भाराचं नाहीच, चुन्याचं आहे. चुना, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना योग्य प्रमाणात जमले तर 1200 अंशांच्याही खाली वितळतात, मग विटेची रिफ्रॅक्टरीनेस (उष्णता सोसायची क्षमता) कितीही लिहा. तो काचेसारखा थर म्हणजे स्लॅग छिद्रांतून आत मुरलाय. त्याचं आणि मूळ विटेचं प्रसरण वेगळं, म्हणून तिथूनच टवका सुटतो. 85 वाली थोडी जास्त टिकेल, पण रोग तोच. चुन्याच्या स्लॅगपुढे मॅग्नेशियाच टिकतो, आणि कार्बन स्लॅगला ओलं करू देत नाही. तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, कप टेस्ट करा. तिन्ही विटांत सारखं भोक पाडून तुमचाच स्लॅग दळून भरा, तुमच्याच तापमानाला काही तास ठेवा, मग उभी कापून बघा किती खाल्ली आणि किती आत मुरला.

प्रतिसाद 2
वरच्यांना अनुमोदन, फक्त मॅग-कार्बन उघड्या हवेत तापवू नका, कार्बन जळून जाईल आणि बिचारी वीट फुकट नापास होईल. कोकच्या चुऱ्यात पुरून तापवा. सर्टिफिकेटवरची पोरॉसिटी (छिद्रांचं प्रमाण) कोकिंगच्या, म्हणजे हवेविना तापवण्याच्या, आधीची की नंतरची तेही विचारा, वीट बांधून ठेवणारं रेझिन जळल्यावर ती बरीच वाढते आणि सप्लायर कमीवालाच आकडा छापतात. आणि या विटा ओल लागू न देता ठेवा, मॅग्नेशिया पाणी धरतो आणि वीट तडकते.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही! सर्टिफिकेट परत काढलं, पोरॉसिटीपुढे आधी-नंतर काहीच लिहिलेलं नाही, उद्याच मेल टाकतो. एक शंका, मॅग-कार्बनने बाहेरचं कवच जास्त तापेल ना?

प्रतिसाद 1
तापणार, कार्बन उष्णता वाहून नेतो. म्हणून पूर्ण लॅडल नको, फक्त तो पट्टाच मॅग-कार्बनचा करा, खाली अ‍ॅल्युमिना राहू दे. मागचं सेफ्टी लायनिंगही (कवचालगतचा विटांचा दुसरा थर) एकदा बघून घ्या, आणि कवचाचं तापमान आत्ताच मोजून लिहून ठेवा म्हणजे नंतर तुलना करता येईल.